पाणी उतरतं, कीड चढते

बालीच्या दक्षिण उतारावरून गाडीने जाताना नद्या दिसत नाहीत. रस्ता डोंगराच्या सोंडेवरून चालतो, दोन्ही हातांना भाताची खाचरं टप्प्याटप्प्याने उतरत जातात, आणि एखादा पूल आला की खोल घळीतून, बांबूंच्या आडून, पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. ज्वालामुखीच्या राखेचा खडक मऊ असतो. तो कापत कापत नद्या इतक्या खाली गेल्या आहेत की काठावरच्या शेतालाही त्यांचा थेट उपयोग होत नाही. म्हणून इथल्या माणसांनी फार पूर्वी एक तोड काढली. शेतापासून काही किलोमीटर वर जायचं, तिथे नदीत बंधारा घालायचा, डोंगराच्या पोटातून बोगदा खणायचा आणि पाणी सोंडेच्या माथ्यावर आणून खाचराखाचरांतून खाली सोडायचं. नवव्या शतकातल्या ताम्रपटांत बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख सापडतो.

या बांधणीतच सगळा पेच आहे. तुमचं पाणी दुसऱ्याच्या हद्दीत अडवलेलं, तिसऱ्याच्या शेताखालून आलेलं, आणि तुम्ही वापरून सोडलेलं चौथ्याच्या बंधाऱ्यावर जाणारं. कोरड्या ऋतूत बरेच बंधारे नदीचा जवळजवळ सगळा प्रवाह वळवून घेतात. खालच्याच्या वाट्याला उरतात झरे, पाझर आणि वरच्या शेतांतून निथळलेलं पाणी. अशा नदीवर पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटायला हवी होती. त्याऐवजी इथे शेकडो वर्षं भात पिकतो आहे, तोही वर्षातून दोनदा. हे कसं जमलं ते पाहायला मी बालीत आले होते. गोदावरीच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरात पडतोच. पाणी जिथून निघतं तिथून सुरुवात करायची आणि त्याच्याबरोबर समुद्रापर्यंत उतरत जायचं, एवढंच ठरवलं होतं.

म्हणून आधी किंतामणी. सोबत गाडी चालवणारे गृहस्थ होते. त्यांना मी इथल्या रीतीने ‘ब्ली’, म्हणजे दादा, म्हणत होते. त्यांची स्वतःची खाचरं ताम्पाकसिरिंगच्या बाजूला, आणि इंग्रजी चांगलं, त्यामुळे पुढच्या सगळ्या गप्पा त्यांच्याच तोंडून माझ्यापर्यंत आल्या. कड्यावर उभं राहिलं की समोर बातुर ज्वालामुखीचं अवाढव्य विवर, त्याच्या तळाशी सरोवर, आणि मधोमध काळ्या लाव्ह्याचे ओघळ अंगावर घेतलेला 1,717 मीटर उंचीचा डोंगर. 1926 साली याच डोंगराच्या लाव्ह्याने पायथ्याचं गाव आणि तिथलं देऊळ गाडून टाकलं. गावकऱ्यांनी देव वर आणले आणि कड्यावर देऊळ पुन्हा उभारलं. तेच आजचं पुरा उलुन दानु बातुर. सरोवराची देवी दानु हिचं हे ठाणं.

सरोवराला बाहेर पडणारी नदी नाही. तरीही दक्षिण बालीतल्या शेतकऱ्याची श्रद्धा अशी की खाली फुटणारे झरे आणि त्यांवर वाहणाऱ्या नद्या याच देवीच्या आहेत. या श्रद्धेला व्यवहाराची बाजू पक्की आहे. नवा बंधारा घालायचा असो, नवी खाचरं काढायची असोत, इथल्या प्रमुख पुजाऱ्याला, म्हणजे जेरो ग्दे यांना, विचारल्याशिवाय होत नाही. दोनशेहून जास्त पाणी-संस्था दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या उत्सवाला आपापल्या पिकातला वाटा घेऊन इथे येतात. खालच्या कोणत्या खोऱ्यात पाणी ओढीचं झालं आहे, कुठे नव्या शेतांना वाव आहे, ही सगळी माहिती वर्षाकाठी एका जागी गोळा होते. अंगणात फिरताना मला राहून राहून तेच जाणवत होतं. एवढ्या मोठ्या खोऱ्याचं चित्र ज्याच्या डोक्यात आहे असं एक ठिकाण आहे, आणि ते कुठल्याही एका गावाच्या मालकीचं नाही.

देवळातून निघून आम्ही पाकेरिसान नदीच्या खोऱ्यात उतरलो. तीर्त एम्पुलच्या झऱ्यावर यात्रेकरूंची रांग होती. हे तीर्थ दहाव्या शतकातलं, आणि त्यातून निघालेलं पाणी लगोलग पाटाला लागतं. पुढे गुनुंग कावीची अकराव्या शतकातली, कड्यात कोरलेली राजस्मारकं. त्यांच्या समोर, घळीच्या दुसऱ्या अंगाला, त्याच नदीवर पोसलेली हिरवीगार खाचरं. पर्यटक स्मारकांचे फोटो घेतात. मी मात्र ब्लींच्या मागोमाग बांधावरून चालत त्यांच्या सुबकाच्या पाटावर गेले.

सुबक म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची संस्था. ती गावाप्रमाणे बांधलेली नाही, पाण्याप्रमाणे बांधलेली आहे. एका गावातले लोक तीन सुबकांत असू शकतात आणि एका सुबकात चार गावचे. बेटावर असे सुमारे 1,200 सुबक आहेत. बंधारा दुरुस्ती, पाट साफ करणं, पूजा, दंड, सगळं सभासदांनी करायचं. आविग-आविग नावाची नियमावली लिहिलेली असते, पूर्वी ताडपत्रावर, आता वहीत. प्रमुखाला पेकासेह म्हणतात, तो सभासदांनी निवडलेला.

पाटावर एका ठिकाणी लाकडाचा ओंडका आडवा बसवलेला होता आणि त्याच्या वरच्या कडेला वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा. पाणी ज्या खाचेतून जाईल त्या शाखेला तेवढा हिस्सा. हिश्श्याला टेकटेक म्हणतात. यात किती लिटर पाणी गेलं याचा हिशेब कुठेच नाही. नदीला जे येईल त्याचे ठरलेले भाग पडतात. पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, घटलं तर सगळ्यांचं घटतं, आणि कोणाची खाच किती रुंद हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. चाव्या, कुलपं, पंचनामे यांची गरज पडत नाही. मला ही रचना फार आवडली. कालव्याच्या दारावर रात्री बेरात्री काय चालतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांनाही ती आवडेल.

पण ओंडका फक्त एका सुबकाच्या आतलं वाटप सोडवतो. खरा प्रश्न वरचा सुबक आणि खालचा सुबक यांच्यातला. पेकासेह बांधावर भेटले, पन्नाशीतले, चिखलाने भरलेल्या पायांनी. मी त्यांना सरळ विचारलं, “काका, बंधारा तुमचा आहे, पाणी आधी तुमच्याकडे येतं. मग खालच्यांच्या सोयीने तुम्ही लावणी पुढे-मागे का करता?”

ते म्हणाले, “त्यांनी त्यांच्या वेळेला लावलं तर त्यांचे उंदीर आणि तुडतुडे आमच्या शेतात येतील.”

सगळ्या व्यवस्थेची गुरुकिल्ली या उत्तरात आहे. भाताची कीड, मग तो तपकिरी तुडतुडा असो, खोडकिडा असो की उंदीर, उभ्या पिकावर जगते. शेजारच्या शेतांत वेगवेगळ्या वेळी लावणी झाली तर किडीला बारा महिने पान वाढलेलं असतं. एक शेत कापलं की ती दुसऱ्यात. याउलट मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्या शेतांत एकाच वेळी लावणी, एकाच वेळी कापणी, आणि नंतर काही आठवडे सगळीकडे नुसतं पाणी भरून ठेवलं तर किडीला खायला उरत नाही. त्या दिवसांत शेतात बदकं सोडतात. उरलंसुरलं तीच टिपून घेतात.

म्हणजे इथे दोन प्रवाह आहेत. पाणी वरून खाली जातं, कीड खालून वर येते. पाण्याच्या बाबतीत वरचा बलवान आणि खालचा लाचार. किडीच्या बाबतीत खालच्यालाही नुकसान करण्याची ताकद आहे. वरच्याने पाणी दिलं नाही तर खालचा वेळापत्रक मोडेल, आणि मोडलेल्या वेळापत्रकाची कीड वरच्याच्या भातावर येईल. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांना तुमची मोठी चिंता कोणती, पाणी की कीड, असं विचारलं, तेव्हा खालच्या बाजूचे पाणी म्हणाले आणि वरच्या बाजूचे कीड. त्यामुळे दोघांच्याही हिताचा सौदा होऊ शकतो.

मग सगळ्या खोऱ्याने एकाच दिवशी लावणी का करू नये? तेही चालत नाही. चिखलणी आणि लावणीच्या वेळी भाताला सगळ्यात जास्त पाणी लागतं, आणि सगळ्यांनी एकदम मागितलं तर नदी पुरत नाही. प्रत्येकाने आपापलं पाहिलं तर पाणी पुरतं पण कीड माजते, सगळ्यांनी एकच केलं तर कीड मरते पण पाणी आटतं. मधल्या मापाचा गट शोधावा लागतो, आणि तो शोधण्याचं काम देवळांच्या उतरंडीने केलं आहे. बंधाऱ्याजवळ छोटं देवस्थान, खाचरांच्या माथ्याला उलुन स्वी, अनेक सुबकांचं मिळून मासचेती, आणि सगळ्यात वर बातुर. मासचेती देवळाच्या अंगणात वेगवेगळ्या बंधाऱ्यांचे पेकासेह एकत्र बसतात आणि या हंगामात कोणी आधी लावायचं, कोणी नंतर, कोणी भात सोडून भाजी-कडधान्य घ्यायचं ते ठरवतात. वोस नदीच्या वरच्या भागात मासचेती पामोस अपुह आहे. तिथे बयाद आणि मनुआबा या दोन बंधाऱ्यांखालचे शेतकरी असेच एकत्र येतात. वेळ मोजायला 210 दिवसांचं पंचांग आहे, त्यात वेगवेगळ्या लांबीचे आठवडे एकाच वेळी चालतात. फेऱ्यांचं गुंतागुंतीचं गणित मांडायला ते सोयीचं पडतं.

डोनेला मेडोज या विदुषींनी समग्र व्यवस्थांचा विचार कसा करावा यावर आयुष्य घालवलं. ‘थिंकिंग इन सिस्टीम्स’ हे त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 2008 साली आलं. व्यवस्थेत बदल घडवायच्या जागांची त्यांनी उतरंड लावली होती. तीत आकडे आणि दर तळाशी आहेत, आणि माहिती कोणाकडून कोणाकडे पोचते, नियम कोण करतं, या गोष्टी त्यांच्या बऱ्याच वर. मासचेतीच्या अंगणात बसले तेव्हा ते पटलं. तिथे एका बाजूला शेड, चटया आणि दोन फळे, एवढंच होतं. पण खालच्या शेतात तुडतुडा दिसू लागला ही बातमी वरच्यापर्यंत त्या चटयांवर पोचते, आणि वेळेवर पोचते.

ही व्यवस्था मोडून पाहण्याचा प्रयोगही झालेला आहे. 1970 च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने हरितक्रांतीचा कार्यक्रम बालीत आणला. लवकर येणारे नवे वाण, रासायनिक खतं, कीटकनाशकं, कर्ज, आणि एक साधा आदेश: जमेल तितक्या वेळा भात लावा, देवळाच्या वेळापत्रकाची वाट पाहू नका. 1979 मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बाली सिंचन प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला उत्पन्न वाढलं. मग तपकिरी तुडतुडा आला. त्याला दाद न देणारं नवं वाण आणलं, तर टुंग्रो या विषाणूजन्य रोगाने ते पकडलं. पुन्हा नवं वाण, पुन्हा नवा रोग. पाण्याचे वादही वाढले, कारण कोण कधी लावणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हेतू वाईट नव्हता, हे मला मनापासून वाटतं. उपाशी पोटांना भात हवा होता आणि अभियंते प्रामाणिक होते. पण त्यांच्या नकाशात बंधारे होते, पाट होते, हेक्टर होते. सगळ्यांनी मिळून शेत मोकळं ठेवायचे दिवस त्या नकाशात नव्हते, आणि देवळं त्यांना धर्माचा भाग वाटली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ठिकठिकाणचे शेतकरी पुन्हा देवळाच्या वेळापत्रकाकडे वळले, आणि 1988 मध्ये बँकेच्याच मूल्यमापनाने जुन्या पद्धतीचं मोल मान्य केलं.

त्याच काळात लान्सिंग आणि जेम्स क्रेमर या परिसंस्थाशास्त्रज्ञाने संगणकावर वोस आणि पेतानु या दोन नद्यांचं खोरं उभं केलं. त्यात 172 सुबक, पाऊस, प्रवाह, भाताची वाढ, किडीची वाढ. प्रत्येक सुबकाला सुरुवातीला वाटेल ते वेळापत्रक दिलं आणि एकच नियम घातला: हंगामाच्या शेवटी शेजाऱ्यांकडे पाहा, ज्याचं जास्त पिकलं त्याचं वेळापत्रक उचला. कोणी मध्यवर्ती हुकूम देत नव्हतं. संगणकातली दहाएक वर्षं गेली आणि सुबकांचे गट पडले, एकत्र लावणारे आणि एकत्र कापणारे. ते गट प्रत्यक्षातल्या देवळांच्या गटांशी बरेच जुळत होते, उत्पन्नही चढलं होतं. या संशोधनाचा मला सर्वांत मोठा अर्थ वाटतो तो असा: ही रचना कोणा एका शहाण्या राजाने आखून दिलेली असण्याची गरज नाही. शेजाऱ्याकडे डोळसपणे पाहणारे शेतकरी आणि ठरलेलं पाळायला लावणारी एक जागा, एवढ्यावर ती उभी राहू शकते.

हरितक्रांतीच्या नकाशातून सुटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे खत. ज्वालामुखीच्या मातीतून वाहणारं पाणी फॉस्फेट आणि पोटॅश स्वतःबरोबर घेऊन येतं, म्हणजे पाटच शेताला खत घालतो. वरून टाकलेलं बरंचसं खत पाण्याबरोबर निघून समुद्रात, प्रवाळांवर जातं.

मध्ये एक फेरी पश्चिमेला जातिलुविहला झाली. बातुकारू डोंगराच्या कुशीतला हा सुबक जवळपास 300 हेक्टरचा, आणि 2012 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या प्रदेशाचा भाग. तिथे अजून उंच वाढणारा, सावकाश पिकणारा लाल भात लावतात. जागा सुंदर आहे, पण गर्दी इतकी की शेतकऱ्याशी दोन शब्द बोलणं कठीण.

ताम्पाकसिरिंगला परतल्यावर पेकासेहच्या ओट्यावर बसून मी त्यांना आमच्या खानदेशातल्या फडांबद्दल सांगितलं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे, बंधाऱ्याखालचं थळ, थळाचे साधारण चार फड, एका फडात एका वर्षी एकच पीक आणि दरवर्षी पिकांची फिरती. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणजे उसाचा लाभ एकालाच आणि टंचाई दुसऱ्यालाच असं होऊ नये. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. ते लक्ष देऊन ऐकत होते. “हे आमच्यासारखंच आहे,” म्हणाले. मग मी सांगितलं की नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या, आणि फड आकसत गेले.

नंतर गोदावरीचा विषय निघाला. नाशिक-नगरची धरणं वर, जायकवाडी खाली. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या तुटीचं समन्यायी वाटप बंधनकारक केलं. मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालातून सूत्र ठरलं की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. तरी दर तुटीच्या वर्षी आंदोलनं, न्यायालय, बंदोबस्त. पेकासेहनी विचारलं, “खालच्यांना पाणी मिळालं नाही तर वरच्यांचं काय बिघडतं?”

मी विचार केला आणि म्हटलं, काही नाही. निदान वरच्याला दिसेल असं काही नाही.

“मग कठीण आहे,” ते म्हणाले.

कठीण आहेच. कायदा चुकीचा आहे असं मला मुळीच वाटत नाही, तो नसता तर मराठवाड्याची स्थिती आणखी वाईट झाली असती. पण आपल्या वाटपाचं सगळं बळ एकाच दिशेने, वरून खाली, हुकमाने चालतं. खालच्या माणसाकडून वरच्याकडे काहीच परत येत नाही. वरच्या आणि खालच्या गावांचे लोक हंगामापूर्वी एका जागी बसून कोणतं पीक किती आणि कधी हे ठरवतात, असं अंगण गोदावरीच्या खोऱ्यात नाही. ऊस किती लावायचा हे कारखाना आणि शेतकरी ठरवतात, त्याची किंमत जायकवाडीच्या खालचा माणूस मोजतो, आणि दोघं भेटतात ते न्यायालयात. बालीतली कीड आपण आणू शकत नाही. पण कालवा सल्लागार समितीसारख्या ज्या बैठका आज प्रकल्पाप्रकल्पाच्या वेगळ्या होतात, त्या पेरणीच्या आधी अख्ख्या खोऱ्याच्या का होऊ नयेत, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. वाघाड धरणाच्या शेतकऱ्यांनी एका प्रकल्पापुरतं पाणीवापर संस्थांचं काम चालवून दाखवलं आहे. म्हणजे माणसं आहेत.

शेवटचा टप्पा ग्यान्यारच्या किनाऱ्याचा. पाकेरिसान इथून समुद्राला मिळते. खाचरं आता सपाट झाली होती आणि त्यांच्या मध्ये व्हिला उभे होते, प्रत्येकाला निळा तलाव. इथल्या सुबकाच्या प्रमुखाने बांधावरून फिरून दाखवलं. एक शेत विकलं गेलं की पाट साफ करणारा एक माणूस कमी होतो. व्हिलाची भिंत चारीवर येते आणि पलीकडच्या दोन शेतांचं पाणी तुटतं. एकटं पडलेलं शेत शेजाऱ्यांबरोबर लावता-कापता येत नाही, मग आजूबाजूचे सगळे उंदीर आणि पाखरं त्याच्यावर तुटून पडतात, आणि पुढच्या वर्षी तोही शेतकरी विकायला निघतो. एका विक्रीतून दुसरी निघते. ही घसरण एकेक सात-बारा वेगळा पाहून दिसणार नाही.

मला आणखी एक काळजी वाटली आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. व्हिलातून कीड वर जात नाही. खाली जितकं काँक्रीट वाढेल तितकं वरच्यांना खालच्यांचं ऐकण्याचं कारण कमी होईल. मग बातुरच्या देवीवरची श्रद्धा एकटी किती भार पेलणार?

त्यांनी मान हलवली. त्यांनाही हे ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात मासचेतीत बैठक होती. त्यांच्या सुबकाला या हंगामात पहिली पाळी हवी होती, वरच्या दोन सुबकांची कापणी लांबलेली. हातातल्या वहीत त्यांनी उरलेल्या सभासदांची नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्र लिहून काढलं होतं, आणि कोणाच्या शेतात उंदरांची किती बिळं आहेत तेही. ती वही घेऊन ते वर जाणार होते.